आधी पाच मावळे

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

पावनखिंडीची लढाई टेबलावर मांडायची म्हणून तू मावळ्यांचे २८ मिलिमीटरचे चिमुकले पुतळे मागवलेस, त्याला वर्ष होत आलं. रंग आहेत, ब्रश आहेत, डबा मात्र कपाटातच. परवा म्हणालास, "काका, मी आळशी आहे." मला ते पटलेलं नाही. आळशी पोरगा कॉलेज सांभाळून रात्री उशिरापर्यंत रंगकामाचे व्हिडिओ बघत बसत नाही. तुझं घोडं अडतं ते दुसरीकडेच. डबा उघडलास की नव्वद सैनिक समोर येतात आणि त्यातल्या एकाचाही अंगरखा कुठल्या रंगाचा करायचा हे ठरलेलं नसतं.

मावळ्यांना गणवेश नव्हता, खरी गोम तिथं आहे. नेपोलियनची फ्रेंच पलटण रंगवणाऱ्याला कोट निळा हे आधीच माहीत असतं. तुला प्रत्येक पागोट्यापाशी नव्याने ठरवावं लागतं, आणि ठरवून ठरवून डोकं शिणलं की माणूस डबा मिटतो. म्हणून ब्रश हातात घेऊन ठरवूच नकोस. एक संध्याकाळ नुसता कागद घेऊन बस. कापडासाठी पाचच रंग निवड : मळकट पांढरा, गेरू, मोहरीसारखा पिवळा, विटका निळा आणि मातकट तपकिरी. पागोटं, अंगरखा, कमरबंद, चोळणा यांत हेच पाच रंग आलटूनपालटून फिरव. शेजारचे दोघे सारखे दिसणार नाहीत, तरी फौज एकाच मुलखातली वाटेल. तो कागद टेबलासमोर भिंतीला चिकटव आणि पुन्हा त्यात बदल करू नकोस.

आता संख्या. खिंडीत बाजीप्रभूंबरोबर तीनशे मावळे होते असं परंपरा सांगते. एक सैनिक दहांच्या जागी धरला, तर तुला ३० पुरतात. वॉरगेमिंगमध्ये, म्हणजे अशा टेबलावरच्या लढायांच्या खेळात, असं प्रमाण सर्रास धरतात, त्यात कमीपणा काही नाही. बाकीचे साठ माळ्यावर टाक, अगदी नजरेआड. उरलेल्या तिसांतले पाचच टेबलावर घे.

कोल्हापुरातल्या कुंभारांच्या बापट कॅम्पात गणपतीच्या आधी एक चक्कर मार. तिथं एकेक मूर्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगवत कोणी बसत नाही. रांगेतल्या सगळ्या मूर्तींना आधी अंगाचा रंग, तो वाळला की पितांबर, मग दागिने, आणि डोळ्यांची आखणी सरतेशेवटी, तीही मुरलेल्या हाताची. तूही तसंच कर : पाचांची कातडी, पाचांचे अंगरखे, पाचांचे पट्टे. पाचव्यापर्यंत पोचेस्तोवर पहिला वाळलेला असतो. त्यांच्यासारखी शंभराची रांग मात्र लावू नकोस. त्यांचा तो धंदा आहे. तुला पंधरवड्याच्या शेवटी पुरी झालेली पाच माणसं हातात दिसायला हवीत, पुढच्या पाचांचा हुरूप त्यातूनच येतो.

पावसाळ्यात स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मारू नकोस. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत तो खरखरीत बसतो आणि मग चेहऱ्याचे बारकावे जातात. ब्रशने लावायचा प्रायमर घे, पातळ हात दे, रात्रभर वाळू दे. त्याआधी धातूचे सैनिक साबणाच्या पाण्याने धुवायला विसरू नकोस, नाहीतर रंग धरत नाही.

रोज बसायला जड जातं त्याला आणखी एक कारण आहे. रंग काढा, पातळ करा, पाणी आणा, यातच वीस मिनिटं जातात. झाकणाचा पसरट डबा घे, तळाला ओल्या टिश्यूची घडी घाल, वर बेकिंगचा बटर पेपर. त्यावर काढलेला ॲक्रिलिक रंग झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही ओला राहतो. मग जेवणाआधीच्या अर्ध्या तासातही दोन पागोटी होतात.

बारकाव्यात किती शिरायचं, याबद्दल मी जरा हट्टी आहे. टेबलापाशी उभं राहून खेळताना सैनिकाचे डोळे दिसत नाहीत. चेहऱ्यावर तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, सोड, तो खोबणीत उतरतो आणि डोळ्यांचं काम भागवतो. ढालीवर मात्र वेळ घाल, ती लांबूनही उठून दिसते. आधी काळा रंग, कडेला गडद तपकिरीची बारीक रेघ, वर पितळी रंगाचे चार ठिपके. ब्रश शून्य नंबरचा नको. एक नंबरचा, टोक शाबूत असलेला घे, त्यात रंग जास्त वेळ ओला राहतो. बाजीप्रभूंचे डोळे तेवढे रंगव, पण सगळ्यात शेवटी, हात बसल्यावर. आणि तीस पुरे होईपर्यंत पहिल्या पाचांना पुन्हा हात लावायचा नाही. ते नंतरच्यांपेक्षा कच्चे दिसणारच, फळीत मिसळले की कळत नाही.

आदिलशाही फौज माझ्याकडे रंगवून तयार आहे. दिवाळीच्या सुट्टीत डाव मांडू. पाच-पाचांच्या सहा तुकड्या, प्रत्येकीला दोन आठवडे, हिशेब बसतो.

रविवारी पहिले पाच घेऊन ये, नुसता प्रायमर लागलेले असले तरी चालतील. पन्हाळ्याकडे जाणं झालं तर मूठभर तांबडी माती आण. चहाच्या गाळणीतून चाळ आणि तव्यावर कोरडी कर. सैनिकाच्या पायाखालच्या बेसवर फेविकॉल लावून ती कशी दाबायची ते इथं दाखवतो.

तुझा,
काका