हेडगार्ड घातलं की बॉक्सिंगमध्ये मुलाच्या मेंदूला इजा होत नाही ना?

नाही, तेवढ्यावर विसंबू नका. हेडगार्डमुळे भुवई फुटणं, खरचटणं, कानाला मार बसणं कमी होतं. तेवढ्यासाठी ते जरूर घालावं. पण कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा बसून होणारी इजा, होतं ते डोक्याला हिसका बसून मेंदू कवटीच्या आत हलल्यामुळे. डबा कितीही जाड असो, जोराचा हिसका बसला की आतलं दही हलणारच. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष बॉक्सर हेडगार्डविना लढले, पण तो नियम मुलांसाठी नव्हता. सरावात डोक्यावरचे ठोसे कमी ठेवा, असं प्रशिक्षकांना स्पष्ट सांगा. आणि ठोसा लागल्यावर मुलगा गोंधळला, तोच प्रश्न परत परत विचारू लागला किंवा उलटी झाली, तर त्याला पुन्हा रिंगमध्ये उतरवू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.