रेंज फुल्ल, तरी आवाज का कटतो?

प्रश्न : मुलगी पुण्यात नोकरीला आहे, उन्हाळ्यात दोन महिने घरी येऊन इथूनच काम करते. १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, स्पीड टेस्ट केली की ९० च्या वर दाखवतं, वायफायची रेंज पण फुल्ल. पण संध्याकाळी मीटिंग लागली की नुसतं 'हॅलो, आवाज येतोय का' सुरू. नेटवाला पोरगा येऊन गेला, म्हणे लाइन क्लिअर आहे काका, २०० चा प्लॅन घ्या. घेऊ का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : नका घेऊ भाऊ, आधी हे वाचा. रेंजच्या त्या पट्ट्या एवढंच सांगतात की राउटरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात पोचतोय. बाजूला किती कल्ला चालू आहे ते त्या सांगत नाहीत, आणि तुमचा घोळ बहुतेक कल्ल्याचा आहे.

वायफायवर डेटा छोट्या छोट्या पॅकेटमध्ये जातो आणि समोरून 'मिळालं' अशी पावती यावी लागते. पावती नाही आली की राउटर थोडं थांबून तेच परत पाठवतो, परत, परत, शेवटी कंटाळून सोडून देतो. म्हणजे घरात पॅकेट हरवण्यापेक्षा उशिरा पोचण्याचंच प्रमाण जास्त. व्हिडिओ बघताना ते कळत नाही कारण पुढचा भाग आधीच येऊन पडलेला असतो, स्पीड टेस्ट पण काही सेकंदांचा हिशोब सांगते, मधले झटके त्यात बुडून जातात. कॉलमध्ये मात्र अर्धा सेकंद उशिरा आलेला शब्द काय कामाचा, तो गेलाच.

आता तपासा. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरच्या पत्त्याला, बऱ्याच घरी तो १९२.१६८.१.१ असतो, संध्याकाळीच पिंग लावा (म्हणजे हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघा) आणि १०० वेळा तरी लावा, विंडोज आपणहून फक्त चारच पाठवतं आणि चारात काही कळत नाही. उत्तर २-५ मिलिसेकंदात येत राहिलं तर घरातलं वायफाय ठीक. मधेच ३००, ४००, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' असं आलं तर गडबड घरातच आहे, प्लॅन २०० चा घ्या की ५०० चा. राउटरपर्यंत साफ आणि ८.८.८.८ ला (हा बाहेरचा, गूगलच्या सर्व्हरचा पत्ता) पिंग केल्यावर मात्र उत्तरं गळतात, असं निघालं तर त्या पोराला परत बोलवा आणि स्क्रीन दाखवा.

संध्याकाळीच काबर? कारण तेव्हा सगळी गल्ली घरी येते. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनल असले तरी एकमेकांवर न चढणारे तीनच, १, ६ आणि ११. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवली असेल तर २० करा, आणि फोनवर वायफाय अ‍ॅनालायझरचं अ‍ॅप टाकून या तिघांतलं कमी गर्दीचं चॅनल निवडा. लोक हुशारी करून ३ किंवा ४ रिकामं दिसतं म्हणून तिथे जातात, ते उलट वाईट. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात, ओट्यावर चार जण बसल्यासारखं. अर्धवट चढलेल्या चॅनलवरचा म्हणजे शेजारच्या गल्लीतला हळदीचा डीजे, तुम्ही बोलताय हे त्याच्या गावीही नसतं.

आणि उन्हाळ्यातच का, याचा पण विचार करा. माझ्या अमळनेरच्या मावशीचं ठाम मत होतं, 'उन्हायामा नेट बी तपस.' जाऊन बघतो तर खिडकीतल्या कोनाड्यात राउटर आणि त्याच्या पुढ्यात मार्चमध्ये आणून ठेवलेला पत्र्याचा कूलर, टाकी पाण्याने गच्च. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या पिऊन टाकतं. दिवाळीला कूलर माळ्यावर, मग नेट 'थंड'. राउटर उचलून कपाटाच्या वरच्या बाजूला मोकळ्यात ठेवला, काम झालं. (लोखंडी कपाटाच्या मागे नाही हं.) तुमच्याकडे भुसावळला कूलर नसेल यावर माझा विश्वास नाही.

मायक्रोवेव्ह पण याच २.४ च्या आसपास चालतो, आत हजारेक वॅट आणि राउटर वॅटच्या दहाव्या भागाएवढा, त्यामुळे किंचित गळलं तरी पुरतं. मीटिंगच्या वेळी भाजी गॅसवर गरम करा. राउटरला ५ गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टा असेल तर मुलीचा लॅपटॉप त्यावर टाका, तिथे गर्दी कमी. पण जुनं धाब्याचं घर असेल तर त्या जाड मातीच्या भिंतीपलीकडे ते फारसं जात नाही, त्याच खोलीत बसावं लागेल. खरं तर केबलच टाका.

प्रश्न : घरापासून गोठ्यापर्यंत नेट जावं म्हणून मधे रिपीटर लावला, तर स्पीड अर्धाच. पीस खराब आहे का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : पीस चांगला आहे. साधा रिपीटर प्रत्येक पॅकेट आधी ऐकतो आणि त्याच चॅनलवर परत बोलून दाखवतो, म्हणून वेळ दुप्पट. अंतर १०० मीटरच्या आत असेल तर बाहेरची लॅन केबल ओढून गोठ्यात जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलने आलेलं नेट वायफायने वाटणारा) करून लावा. केबल पाइपातून न्या, नाहीतर उंदीर आहेतच.