नळाचं जड पाणी आणि दोन सळ्यांचा प्रयोग

प्रश्न : ताई, सहा महिन्यांपूर्वी आम्ही एका लहान शहरात राहायला आलो. आधी नदीचं पाणी होतं, इथे नळाला बोअरचं येतं. तोट्यांवर, शॉवरच्या भोकांत, किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो. साबणाला फेस येत नाही, टॉवेल वाळले की खरखरीत होतात. गिझर लावला की आतून खडखड ऐकू येते. गेल्या आठवड्यात एक विक्रेते आले. मीटर बुडवून त्यांनी ६४० आकडा दाखवला. मग आमच्या पाण्यात आणि त्यांच्या यंत्राच्या पाण्यात विजेच्या सळ्या सोडल्या. आमचं पाणी दोन मिनिटांत गढूळ तपकिरी झालं, त्यांचं तसंच राहिलं. "हे तुमच्या मुलांच्या पोटात जातं," म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही. सासूबाईंना पूर्वी मुतखडा झाला होता. तुरटी फिरवली, काही फरक नाही. पूर्ण घरासाठी यंत्र घ्यावं का?

उत्तर : आधी सळ्यांबद्दल बोलू, कारण तुमची झोप त्यांनी उडवली आहे. त्या जोडीतली एक सळी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि पाणी तपकिरी होतं. यंत्राच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असतात, त्यातून वीज जेमतेम वाहते, म्हणून ते स्वच्छ दिसतं. तुम्ही पाहिलेला रंग त्या सळीचा होता. तो तुमच्या पाण्यात आधी नव्हताच. ते गृहस्थ पुन्हा आले तर त्यांच्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि तोच प्रयोग करायला सांगा. तेही तपकिरी होईल.

मी २६ वर्षं पाणी तपासण्याचं काम केलं. हा प्रयोग पाहून घाबरलेल्या किती बायका बाटली घेऊन माझ्या टेबलाशी आल्या! आईच्या काळजीचा असा वापर केलेला मला सहन होत नाही.

मीटरचा आकडा खोटा नाही, पण तो वेगळ्याच गोष्टीचा आहे. पाण्यातून वीज किती वाहते यावरून तो विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतो. तुमचा त्रास आहे तो फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा. ते नेमकं मोजायचं तर प्रयोगशाळेत. पाण्यात रंगद्रव्य घातलं की ते लालसर जांभळं दिसतं, मग वरून ईडीटीएचं, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणाऱ्या रसायनाचं, द्रावण थेंब थेंब सोडायचं. एका थेंबाला ते स्वच्छ निळं होतं. तो थेंब हजारो वेळा पाहिला, तरी दर वेळी माझा हात तिथे जपून चालायचा. जो आकडा निघतो ते 'एकूण काठिण्य'. लिटरला ६० मिलिग्रॅमपर्यंत पाणी मऊ, १२० च्या पुढे जड, १८० च्या पुढे फार जड समजतात.

काठिण्याचे दोन प्रकार आहेत आणि पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो. बायकार्बोनेटचं काठिण्य उकळल्यावर खाली बसतं, तोच तुमच्या किटलीतला पांढरा थर, म्हणजे खडूच (कॅल्शियम कार्बोनेट). सल्फेट आणि क्लोराइडचं काठिण्य उकळून जात नाही. घरी पाहायचं असेल तर भांडंभर पाणी दहा मिनिटं उकळा, रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं निवळ पाणी हळूच ओतून घ्या. एका बाटलीत हे पाणी, दुसरीत नळाचं, तिसरीत बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, तिन्ही सारख्या मापाने. अंघोळीच्या साबणाचा कीस थोड्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून तिन्हींत दहा-दहा थेंब टाका आणि हलवा. हँडवॉश नको, त्यातले बरेचसे साबण नसतातच. उकळलेल्या पाण्याला बऱ्यापैकी फेस आला, तर तुमचं काठिण्य मुख्यतः पहिल्या प्रकारचं. फेसावरून पाणी जोखायची ही रीत जुनी आहे. स्कॉटलंडमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी ती रूढ केली. १८४१ साली त्यांनीच पाण्यात चुना घालून हा चुनखडीचा थर आधीच खाली बसवण्याचं पेटंट घेतलं.

तुरटीने गढूळपणा खाली बसतो. कॅल्शियम विरघळलेलं असतं, ते तुरटीच्या हाती लागत नाही. नळाला बांधायच्या चुंबकानेही काठिण्याचा आकडा कमी होत नाही.

आता गिझर. पैसे घालवायचेच तर पहिले इथे. समजा काठिण्य लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे, तर १५ लिटरच्या एका बादलीत साडेचार ग्रॅम खडूइतका ऐवज असतो. सगळा बसत नाही, पण पाणी जितकं तापेल तितका जास्त बसतो, आणि पहिल्यांदा कॉईलवर. थराखाली अडकलेलं पाणी उकळून वाफेचे बुडबुडे फुटतात, तीच तुमची खडखड. तापमान ६० अंशांच्या वर ठेवू नका. मेकॅनिकला बोलावून कॉईल बाहेर काढून साफ करवून घ्या, आणि वर्षातून एकदा हे काम ठरवूनच ठेवा. कॉईलवरचे पापुद्रे टाकीच्या तळाशीही साचतात, तेही काढायला सांगा.

तोट्यांना लिंबूसत्व पुरतं. ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर, त्यात फडकं भिजवून अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग धुवा. शॉवरची चाळणी काढून त्याच पाण्यात बुडवा. संगमरवरावर थेंबही पडू देऊ नका, तोही कॅल्शियम कार्बोनेटच आहे, त्याची चकाकी जाईल. आणि कुठलंही आम्ल ब्लीचमध्ये कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

कपड्यांना साबणाची वडी बंद करून डिटर्जंट वापरा. साबण कॅल्शियमशी मिळून चिकट साका धरतो, तोच टॉवेलात बसतो. केस धुवायला शाम्पू बरा.

सासूबाईंच्या मुतखड्याचं त्यांच्या डॉक्टरांना विचारा, पण जड पाण्याच्या भीतीने त्यांचं पाणी पिणं कमी होऊ देऊ नका. कमी पाणी पिणं हे खडे होण्याचं ठळक कारण आहे. पाण्याच्या काठिण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणाने कमाल मर्यादा घातलेली नाही. मला काळजी वाटते ती दुसरीच. बोअरचं पाणी आहे, तर नायट्रेट, फ्लोराइड आणि जिवाणूंची तपासणी जरूर करून घ्या. त्या मीटरला यातलं काहीच ओळखता येत नाही.

पूर्ण घराचं यंत्र म्हणजे सॉफ्टनर. त्यातल्या रेझिनचे मणी कॅल्शियम धरून सोडियम सोडतात आणि ठरावीक दिवसांनी मिठाच्या पाण्याने त्यांना पुन्हा तयार करावं लागतं. साबण, गिझर, वॉशिंग मशीन यांचा त्रास त्याने खरोखर कमी होतो. पण काठिण्य ३०० असेल तर लिटरमागे सुमारे १३८ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं, म्हणून स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ त्यातून वगळा, घरात कुणाचं मीठ कमी केलेलं असेल तर नक्कीच. त्वचेसाठी म्हणून घेत असाल तर घाई नको. इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सॉफ्टनरमुळे इसबात जास्तीचा फायदा दिसला नव्हता.

या महिन्यात यंत्र घेऊ नका. गिझर साफ करवा आणि पाणी प्रयोगशाळेत द्या. अहवालात एकूण काठिण्य आणि अल्कता (मुख्यतः पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप) हे दोन आकडे मागून घ्या. अल्कता काठिण्याइतकी किंवा जास्त असली, तर सगळं काठिण्य उकळून बसणारं. दोन्ही आकडे मला कळवा, मग सॉफ्टनर लागेल की नाही ते सांगते.