इटलीतल्या बोलोन्याला जाताय? आधी लाटणं हातात घ्या

चार दिवस असतील तर पहिल्याच दिवशी पास्ताचा क्लास घ्या, फूड टूर दुसऱ्या दिवशी. स्वतः लाटल्यावर दुकानातली पास्ताची पारी बघायची नजरच बदलते.

100 ग्रॅम मैद्याला एक अंडं, पाणी नाही. मळलेला गोळा अर्धा तास झाकून ठेवायचा, नाहीतर लाटताना आक्रसतो. पोळ्यांचा सराव असला तरी इथलं लांबलचक लाटणं वेगळंच. माझ्या कडा जाडच राहत होत्या; शिकवणाऱ्या बाईंनी माझे तळवे धरून मधून कडेकडे सरकवले, तेव्हा कुठे पारीखालून लाकडाच्या रेषा दिसायला लागल्या. ताल्यातेल्लेची, म्हणजे लांब चपट्या पास्ताची, पट्टी शिजल्यावर 8 मिलिमीटर रुंद हवी, अशी 1972 साली इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंद आहे!

टूर सकाळची, छोट्या गटाची निवडा आणि उपाशीपोटी जा. पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकालगतच्या क्वाद्रिलातेरो या जुन्या बाजाराच्या गल्ल्यांत 12 आणि 30 महिने मुरलेलं पार्मिज्यानो चीज लागोपाठ चाखा. जुन्यात दाताखाली कण येतात, चव खोल जाते.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा. तोर्तेल्लिनी या छोट्या भरलेल्या पास्त्याच्या सारणात डुकराचं मांस असतं, रागू हा सॉसही मांसाचा, आणि पार्मिज्यानोत वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट. रिकोत्ता हे मऊ चीज भरलेले तोर्तेल्लोनी (तोर्तेल्लिनीचेच मोठे भाऊ) लोणी आणि सेजच्या पानांसोबत मागा, फक्त वरून चीज किसू नका म्हणून आधीच सांगा आणि सारणात पार्मिज्यानो आहे का तेही विचारा.