आईच्या गुडघेदुखीसाठी कोणतं सप्लिमेंट चांगलं?

तुम्ही लिहिलंय की आई 62 वर्षांची आहे, दोन्ही गुडघे दुखतात, जिना उतरताना जास्त. शुगरसाठी मेटफॉर्मिन सुरू आहे. शेजारच्या काकूंना ग्लुकोसामाइननं आराम पडला म्हणून आईलाही ते द्यावं, की कोलॅजेन, की हळदीच्या कॅप्सूल, असं तुम्ही विचारताय.

मी नागपुरात, सक्करदऱ्याकडे, औषधाचं दुकान चालवतो. फार्मासिस्ट आहे. "भाऊ, गुडघा लय ठणकून राहिला, ते टीव्हीवरची गोळी द्या ना," हे वाक्य काउंटरवर रोज ऐकतो. या गोळ्या विकणं हा माझा धंदाच आहे, तरी तुम्हाला सांगतो, डबा आज घेऊ नका. आधी दोन गोष्टी माहीत करून घ्या: दुखणं कुठल्या प्रकारचं आहे, आणि आईच्या शरीरात खरोखर कमी काय आहे.

जिना उतरताना कळ येणं, बसून उठल्यावर पहिली चार पावलं आखडणं आणि मग मोकळं होणं, हे बहुधा झिजेचं दुखणं, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. पण सकाळी हाताची बोटं आणि मनगटं अर्धा तास, तासभर जखडून राहत असतील, सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्यात मेथोट्रेक्सेटसारखं औषध वेळेवर सुरू झालं तर सांधा वाचतो. सप्लिमेंट खात काढलेले महिने तिथे फार महाग पडतात. पायाचा अंगठा अचानक लाल होऊन पेटल्यासारखा झाला तर युरिक ॲसिडची शंका घ्यायची. आणि आपल्या शहरात आणखी एक गोष्ट विचारावीच लागते: 2024 च्या पावसाळ्यात आईला चिकनगुन्या झाला होता का? त्या साथीनंतर कित्येकांचे सांधे महिनोन् महिने धरलेले होते. हे दुखणं झिजेचं नव्हे, त्याची वाट वेगळी. धंतोलीत खासगी डॉक्टरांना दाखवा, नाहीतर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत, पण एकदा दाखवा.

आता ग्लुकोसामाइन. कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, ज्या घटकांपासून बनते त्यांतला हा एक, तो पोटातून दिला तर कूर्चा टिकेल, अशी कल्पना. ऐकायला पटते. अमेरिकेत सरकारी पैशानं याचा मोठा अभ्यास झाला, तो 2006 साली प्रसिद्ध झाला. गुडघेदुखीचे 1583 रुग्ण, 24 आठवडे. ग्लुकोसामाइन, त्याच्या जोडीनं विकलं जाणारं कॉन्ड्रॉइटिन, दोन्ही एकत्र, एक वेदनाशामक आणि नुसती औषध नसलेली गोळी, असे पाच गट. औषध नसलेल्या गोळीनंसुद्धा सुमारे 60 टक्के लोकांना आराम पडला, आणि सगळ्या रुग्णांचा मिळून हिशेब केला तेव्हा ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन तिच्यापेक्षा सरस ठरलं नाही. ज्यांचं दुखणं जास्त होतं त्यांच्या लहान गटात दोन्ही एकत्र दिल्यावर फायदा दिसला, पण गट इतका लहान की त्यावर भिस्त ठेवता येत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं 2019 च्या मार्गदर्शिकेत गुडघ्यासाठी दोन्ही देऊ नका असं स्पष्टच म्हटलं. युरोपात ग्लुकोसामाइन सल्फेटच्या एका विशिष्ट प्रकाराबद्दल मत थोडं मवाळ आहे, म्हणून वाद पूर्ण मिटलेला नाही.

शेजारच्या काकू खोटं बोलत नाहीत. झिजेचं दुखणं चढतं-उतरतं असतं. माणूस गोळी घ्यायला येतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर, त्यानंतर ते आपसूक थोडं उतरतंच. श्रेय गोळीला जातं.

तरीही आईची घ्यायची इच्छा असेल तर मी अडवणार नाही, कारण बहुतेकांना यानं मोठा अपाय होत नाही. ग्लुकोसामाइन सल्फेट, दिवसाला 1500 मिलिग्रॅम, तीन महिने. तेवढ्यात जिन्यावर फरक जाणवला नाही तर बंद. वर्षानुवर्षं ओढत बसू नका, महिन्याला हजाराच्या आसपास सहज जातात. शुगर पहिले काही आठवडे जरा जास्त वेळा तपासा.

विकत घेताना गोळ्यांची स्ट्रिप उलटी करून मागचं बारीक छापलेलं वाचा, हे मात्र कळकळीनं सांगतो. समोर मोठ्या अक्षरांत गुडघ्याचं चित्र असतं, खरी माहिती मागे. तिथे "डायसेरिन" दिसलं तर ते सप्लिमेंट नाही, ते औषध आहे. त्यानं जुलाब होतात, लघवी गडद पिवळी होते, आणि युरोपच्या औषध नियामकानं 2014 मध्ये 65 वर्षांपुढच्यांना ते सुचवू नये असं सांगितलं. आईचं वय त्या रेषेजवळच आहे, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ते नको. ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा खेकडा-झिंग्यांच्या कवचापासून काढतात, कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेपासून. घरी शाकाहार असेल तर हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण ते बघा. झिंग्यांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. आणि आई रक्त पातळ करणारी गोळी, वॉरफॅरिन किंवा ॲसिट्रॉम, घेत असेल तर ग्लुकोसामाइन अजिबात स्वतःहून सुरू करू नका. रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊ शकतं.

कोलॅजेनची पावडर गाय, डुक्कर, कोंबडी किंवा मासळीपासूनच येते. "व्हेज कोलॅजेन" म्हणून जे विकतात त्यात साधारण व्हिटॅमिन सी आणि अमिनो आम्लं असतात. पावडर पोटात गेली की प्रथिनासारखीच पचते. काही छोट्या अभ्यासांत थोडा आराम दिसला, पण त्यांतले बरेच कंपन्यांच्या पैशानं झालेले. त्या किमतीत मी घरात दुसरं काहीतरी खायला आणीन, ते पुढे सांगतो.

हळदीच्या अर्काबद्दल मला थोडी आशा वाटते. छोट्या अभ्यासांत दुखणं कमी झालेलं दिसतं. सालई गुग्गुळाचंही तसंच. पेंचच्या जंगलात दिसणारी ती सालई, तिचा डिंक. पण हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्के, त्यामुळे हळद-दुधानं गुडघा बरा होईल अशी अपेक्षा ठेवू नका. उलट मिरीचा अर्क मिसळलेल्या तेज कॅप्सूलनी काही जणांच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. भूक मेली, डोळे पिवळे वाटले तर ताबडतोब बंद.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते मेटफॉर्मिन. ही गोळी बरीच वर्षं घेतली की बी 12 कमी होऊ शकतं, शाकाहारी माणसात तर जास्तच. मग पायांना मुंग्या, तळव्यांची आग, चालताना तोल जाणं सुरू होतं आणि घरात सगळे म्हणतात, सांधे दुखतात. बी 12 आणि व्हिटॅमिन डी, दोन्ही तपासा. ऊन आपल्याकडे रग्गड, पण आपल्या आया-मावश्या त्या उन्हात पदर-दुपट्टा घेऊनच निघतात, नाहीतर निघतच नाहीत. डी फार कमी असेल तर हाडं दुखतात, मांड्यांत जोर राहत नाही. ते भरून काढल्यावर खरोखर बरं वाटतं. पातळी नीट असेल तर मात्र डी खाऊन गुडघा थांबत नाही. डीची साठ हजार युनिटची पुडी डॉक्टर आठवड्याला एक, अशी साधारण आठ आठवडे देतात. ती दर रविवारी वर्षभर घेणारे लोक मी पाहतो, त्यांना हात जोडून थांबवावं लागतं. रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या, बद्धकोष्ठता, मूतखड्यापर्यंत प्रकरण जातं.

आणि गुडघ्याला खरा आधार मांडीच्या स्नायूचा. आईला पलंगावर पाय पसरून बसवा, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, तो गुडघ्यानं खाली दाबायला सांगा. मांडी टणक होईल. पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, दोन्ही पाय, सकाळ-संध्याकाळ. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घेतलंत तर उत्तम. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो, हे मोजून पाहिलेलं आहे. स्नायू बनायला प्रथिनं लागतात, आणि आपल्या घरातल्या बायका पोळी-भाजी खाऊन वरण दुसऱ्यांना वाढतात. आईच्या ताटात दोन्ही वेळा वाटीभर घट्ट वरण, दही, चालत असेल तर अंडं येऊ द्या. कधी गोळाभात करा, बेसन पोटात जाईल. दुखण्याच्या दिवशी डायक्लोफेनॅकचं जेल चोळायला चालतं. शुगरवाल्यांनी वेदनाशामक गोळ्या रोज गिळल्या तर किडनीला धोका असतो.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगायलाच हवी. कुणी नाव-लेबल नसलेली "जडीबुटीची" पुडी दिली आणि तीन दिवसांत गुडघे पळायला लागले, तर आनंद मानू नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडतात. चेहरा गोल होतो, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आई असं काही आधीच घेत असेल तर एकदम बंद करू नका, त्यानंही जिवावर बेतू शकतं. पुडी सोबत घ्या आणि डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडवा.