केवडा की ऊद?

प्रश्न : डिसेंबरात धाकट्या दिरांचं लग्न आहे, संध्याकाळचं, एसी हॉलमध्ये. पैठणी नेसून या वेळी अत्तरच लावायचं ठरवलंय. केवडा आणि ऊद दोन्ही मला आवडले. पण केवड्याने यांचं डोकं दुखतं, आणि ऊद हुंगून सासूबाई म्हणाल्या, 'गोठ्यात आल्यासारखं वाटतंय.' कोणतं घेऊ?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : ऊद घ्या. सासूबाईंची तक्रार पहिल्या पाऊण तासाची आहे, तुमच्या यजमानांची मात्र कार्यभर चालेल.

केवड्याचा वास अंगाशी थांबत नाही, चारी बाजूंना धावतो. त्यात चंदनाच्या तेलात उतरवलेलं अत्तर असेल तर तो तासन्‌तास सुटत राहतो. मोकळ्या अंगणात ते सुख आहे; बंद हॉलमध्ये शेजारी बसलेल्याची सुटका नाही. उदाचं उलट. हे अत्तर अगरूच्या लाकडातून काढतात. त्या झाडाला बुरशी लागली की लाकडात काळपट राळ साठते. ते लाकूड ऊर्ध्वपातनाआधी, म्हणजे वाफेने तेल काढण्याआधी, बरेच दिवस पाण्यात भिजत घालतात आणि गोठ्याची आठवण देणारा आंबूस वास बराचसा त्यातूनच येतो. तो ओसरला की गोडसर, उबदार लाकूड उरतं आणि अंगालगत राहतं. म्हणून घरातून निघण्याच्या तासभर आधी लावा.

कोपराच्या आतल्या बाजूला काडीने एकेक टिपका पुरे. मोगऱ्याचा गजरा माळणार असाल तर कानामागे नको, दोन्ही वास एकमेकांशी भांडतात. ऊद गडद तपकिरी असतो, रेशमावरचा त्याचा डाग जात नाही. आधी अत्तर, १५ मिनिटं थांबून मग पैठणी.

तोळ्याची कुपी घेऊ नका, ३ मिलिलिटर पुरून उरेल. कुपीत नाक घालून किंवा कागदी पट्टीवरून ठरवू नका. ऊद उमलतो तो त्वचेच्या उबेने. दुकानात एक टिपका लावून घरी या आणि १० मिनिटांनी, १ तासाने, ४ तासांनी हुंगा. पुरळ येतंय का, तेही दुसऱ्या दिवशी पाहा. चार तासांत वास तिळभरही बदलला नाही तर ते बहुधा कृत्रिम मिश्रण आहे. ते वाईटच असतं असं नाही, पण अस्सल उदाच्या भावाने घेऊ नका.

केवडा मनातून जातच नसेल तर हळदीला, अंगणात लावा. ओडिशातल्या गंजामचा, चंदनाच्या तेलातला मागा. लिक्विड पॅरफिन या खनिज तेलातला त्वचेवर चिकट बसून राहतो. दोन्ही एकत्र मात्र लावू नका, केवडा उदाला वर येऊच देत नाही.