मृत्युपत्र हाताने लिहा, पण आधी फ्लॅटचा वाटा तपासा

प्रश्न : स. न. वि. वि. मी ७१ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. कऱ्हाडला राहते. यजमान २०१६ मध्ये गेले, सासूबाई २०२० मध्ये. सासरे त्याआधीच वारले होते. आम्हाला मूलबाळ नाही. दीर आणि नणंद आहेत, पण येणं-जाणं फारसं नाही. राहता फ्लॅट २०१२ साली माझ्या फंडाच्या आणि ग्रॅच्युइटीच्या पैशांतून घेतला, तेव्हा दोघांची नावं लावली. यजमानांनंतर सोसायटीने शेअर सर्टिफिकेट माझ्या एकटीच्या नावावर करून दिलं. वडिलांकडून वारसाने आलेली १८ गुंठे जमीन आहे आणि बँकेत काही एफडी आहेत, त्यांवर बहिणीच्या मुलीचं नाव नॉमिनी म्हणून लावलं आहे. माझं सगळं हीच भाची बघते, सगळं तिलाच द्यायचं आहे. वकील पंधरा हजार मागतात. शेजाऱ्यांनी छापील नमुना आणून दिला आहे, त्यात फक्त रकाने भरायचे आहेत. मृत्युपत्र मीच लिहिलं तर चालेल का? – एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : ताई, चालेल. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, ते वकिलानेच लिहावं अशी अट नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. साधा कोरा कागद, तुमची सही आणि दोन साक्षीदार एवढंच कायदा मागतो. तुम्ही आयुष्यभर फळ्यावर अक्षर गिरवलं आहे, तेव्हा तुमच्याच हाताने, तुमच्याच मराठीत लिहा असं मी आग्रहाने सांगते. पुढे कोणी ‘हे बाईंनी केलेलंच नाही’ म्हणालं, तर पानभर हस्ताक्षर नुसत्या सहीपेक्षा कितीतरी जास्त बोलतं.

पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. फ्लॅटला ‘दोघांची नावं लावली.’

यजमान गेले तेव्हा सासूबाई हयात होत्या. हिंदू वारसा कायद्यात मुलाच्या मालमत्तेत आई आणि पत्नी या दोघी पहिल्या वर्गातल्या वारस आहेत आणि त्यांचे हिस्से सारखे. यजमानांचा वाटा निम्मा धरला, तर त्यातला निम्मा तुम्हाला आला आणि निम्मा सासूबाईंना. म्हणजे सोळा आणे फ्लॅटपैकी बारा आणे तुमचे, चार आणे त्यांचे. त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर ते चार आणे दीर आणि नणंदेकडे गेले. सुनेला त्यात वाटा नाही. पैसे सगळे तुमचे होते हे खरं, पण कागदावर नावं दोन आहेत आणि आता ते सिद्ध करायचं तर वाद होणार. सोसायटीने सर्टिफिकेट तुमच्या नावावर केल्याने मालकी बदलत नाही. तुम्ही ‘माझा संपूर्ण फ्लॅट भाचीला’ असं लिहाल, अक्षर सुंदर असेल, साक्षीदार पक्के असतील, आणि तरीही भाचीच्या हातात येईल तो बारा आण्यांचा फ्लॅट. छापील नमुन्यात ‘सासूबाई कधी वारल्या’ असा रकाना नसतो.

म्हणून वकिलांकडे जा, पण लिहून घ्यायला नको, कागद तपासायला. एक-दोन बैठकांचं काम आहे, तेवढ्याचीच फी आधी ठरवून घ्या. दीर-नणंद तयार असतील तर त्यांच्याकडून हक्कसोडपत्र नोंदवून घेता येईल. येणं-जाणं कमी असलं तरी एकदा बोलून बघा. तुम्ही हयात असताना ते जितकं सोपं आहे, तितकं भाचीला नंतर कधीच नसेल.

मृत्युपत्र न करता राहिलात तर काय होतं, हेही स्पष्ट सांगते, कारण ‘बघू पुढच्या वर्षी’ हे मी फार ऐकलं आहे. मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिची स्वकमाई पतीच्या वारसांकडे जाते. तिचे आईवडील आणि भावंडं त्यांच्या मागे. नारायणी देवी नावाच्या बाईंचं लग्न १९५५ साली झालं. तीन महिन्यांच्या आत नवरा सर्पदंशाने गेला आणि सासरच्यांनी त्यांना घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, नोकरी लागली. १९९६ मध्ये त्या मृत्युपत्र न करता वारल्या. त्यांची शिल्लक कोणाची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ मध्ये ती नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाली. कायद्याचे शब्द तसेच आहेत, न्यायालयाने ते बदलायचं नाकारलं. तो निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती. वडिलांकडून वारसाने आलेल्या जमिनीचं वेगळं आहे, ती वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पण ती कुळकायद्याने मिळालेली असेल, तर मृत्युपत्राने देण्यावर बंधनं येऊ शकतात, विशेषतः भाची शेतकरी खातेदार नसेल तर. सातबाऱ्यावरचे शेरे आणि जुने फेरफार वकिलांना दाखवाच.

एफडीवर भाची नॉमिनी आहे म्हणून ते पैसे तिचेच, असं समजू नका. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारस असतो. विम्याबाबत १९८३ मध्ये आणि शेअर्सबाबत २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. एफडीसुद्धा मृत्युपत्रात आल्या पाहिजेत.

आता साक्षीदार. इथे मी माझ्या आत्याबद्दल सांगते. तिलाही मूल नव्हतं, माझ्या चुलतबहिणीने तिला अकरा वर्षं सांभाळलं. मृत्युपत्र वकिलांनी केलं होतं, फी दिलेली होती, भाषा चोख होती. आत्याने संध्याकाळी सही केली. एक साक्षीदार तिथेच होते, दुसरे शेजारी दुसऱ्या दिवशी सकाळी आले. तेव्हा आत्या दवाखान्यात गेली होती. त्यांनी टेबलावरच्या कागदावर सही केली आणि निघून गेले. पुढे कोर्टात त्या भल्या माणसाने खरं तेच सांगितलं : ‘मी सही केली तेव्हा त्या समोर नव्हत्या.’ साक्षीदाराने मृत्युपत्र करणाऱ्याच्या समोर सही करायला हवी, हा कायदा आहे. मृत्युपत्र पडलं आणि घर आत्याच्या नवऱ्याच्या पुतण्यांकडे गेलं. चुलतबहिणीने देव्हारा तेवढा उचलून आणला. पुढे मीही वकिलीत आले, पण त्या दिवशी एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती, याचं दुःख अजून जात नाही.

तेव्हा तुम्ही आणि दोघे साक्षीदार एकाच टेबलाशी, एकाच वेळी बसा. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान असावेत, कारण पुढे कोर्टात निदान एकाला तरी उभं राहावं लागेल. भाची नको, तिचा नवराही नको. तुमचे नेहमीचे डॉक्टर तयार झाले तर फार चांगलं. प्रत्येक पानावर सही करा. मोबाइलवरची सही किंवा व्हिडिओतलं बोलणं मृत्युपत्राची जागा घेऊ शकत नाही.

मजकुरात दोन गोष्टी विसरू नका. भाची तुमच्या आधी गेली तर कोणाला, हे लिहा, नाहीतर तिला दिलेलं मृत्युपत्रातून गळून पडेल आणि पुन्हा वारसाहक्काच्या रांगेत जाईल. आणि दीर-नणंदेला का नाही, भाचीलाच का, हे दोन-तीन शांत ओळींत लिहा. कोणाची निंदा नको. जवळच्या वारसांना वगळलेलं दिसलं की न्यायालय कारण शोधतं, ते तुमच्याच शब्दांत सापडू द्या.

नोंदणी तुम्ही कराच, हे माझं मत. मुद्रांक शुल्क लागत नाही, दुय्यम निबंधकांसमोर तुमचा फोटो आणि अंगठा घेतला जातो. नोंदणी केली म्हणून मृत्युपत्र आपोआप सिद्ध होत नाही, पण वाद घालणाऱ्याला ते जड जातं. पुढे मन बदललं तर नवं मृत्युपत्र करता येतं.

(हे सगळं हिंदू कायद्यापुरतं. मुस्लिम वाचकांना आणि गोव्यातल्या वाचकांना मृत्युपत्राने किती देता येतं यावर मर्यादा आहेत, त्यांनी वेगळं विचारावं.)

वकिलांकडे जाताना फ्लॅटचा करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला खरेदीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, सातबारा, एफडीच्या पावत्या आणि यजमानांचा मृत्यूचा दाखला न्या. सासूबाईंचाही दाखला न्या. तो बहुतेक दिरांकडे असेल. त्यांनी दिला नाही तर नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून, जिथे नोंद झाली असेल तिथून, काढून घ्या.